आडवी दांडी

मुरूडला जायचे ठरले तेव्हा प्रश्न असा पडला की, आमच्या गाडीत चार माणसे मावतात, चार सायकली मावत नाहीत. प्रश्न साधा होता आणि बाजारात त्याला उत्तरेही पुष्कळ होती. सायकली मोटारीला लावून नेण्याच्या सांगाड्याला दुकानदार कधी ‘कॅरिअर’ म्हणतात, कधी ‘रॅक’. सायकलीला मुळात स्वतःचे एक कॅरिअर असल्यामुळे बोलण्यात घोटाळा होतो, म्हणून येथे आम्ही रॅकच म्हणू. हा रॅक निवडायला आम्हाला पाच आठवडे लागले. एवढ्या काळात आम्ही एखादा शोधनिबंध लिहिला असता, असे घरातल्या धाकट्या सदस्याचे मत पडले.

आम्ही म्हणजे नवराबायको, दोघेही महाविद्यालयात साहित्य शिकवणारे. घरात अकरा वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांची आई. ती आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू, पण हाक दोघेही आई अशीच मारतो. मुरूड म्हणजे दापोली तालुक्यातले, जंजिऱ्याचे नव्हे. ते आईने निवडले होते. तिने एकतीस वर्षे हिंगण्याला शाळेत शिकवले. ज्या माणसाने १९०० साली आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला, त्या धोंडो केशव कर्व्यांचे लहानपण या मुरूडला गेले. परीक्षेसाठी ते येथून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ही गोष्ट आईने वर्गात दरवर्षी सांगितली होती, मुरूड मात्र पाहिले नव्हते. तिथली पुळण ओहोटीच्या वेळी इतकी घट्ट असते की तिच्यावरून सायकल चालते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. म्हणून सायकली.

आता सायकली मोटारीला टांगून न्याव्या लागणे ही गोष्ट पुण्याच्या माणसाने मुकाट्याने स्वीकारावी अशी नाही. हे गाव एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कामगार, कारकून, प्राध्यापक, शाळेतल्या मुली असे सगळे सायकलीवर असत. ज्यांच्याकडे स्वतःची नसे ते तासाच्या भाड्याने घेत. आज कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे, ते आम्ही लेकीला हौसेने दाखवलेही. पण जी वस्तू संग्रहालयात पाहायची तीच तेथवर चालवत नेण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. गेलो ते मोटारीने. आईने कर्वे रस्त्यावर सायकल काढणे २००९ साली बंद केले. तेव्हापासून ती सकाळी साडेपाचला आमच्या सोसायटीच्या आवारात बारा फेऱ्या मारते. तेराव्या फेरीला दूधवाले, पाण्याचे टँकर आणि शाळेच्या बसगाड्या सुरू होतात. म्हणजे सायकल चालवायची तर आधी मोटार काढायची, एकशेऐंशी किलोमीटर जायचे आणि मग सायकल उतरवायची, असा हा बेत होता. तो विसंगत आहे हे आम्हाला कळत होते. तरी दुसरा बेत सुचत नव्हता.

पहिली पायरी म्हणून आम्ही सायकली मोजल्या. रॅकची कोणतीही जाहिरात ‘किती सायकली’ हे ठळक छापते. ‘किती वजन’ हे शोधावे लागते आणि खरे बंधन वजनाचेच असते. न्हाणीघराजवळचा वजनकाटा आम्ही दारात आणला. सायकल उचलून काट्यावर उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करायचे. लेकीची चोवीस इंची सायकल तेरा किलो भरली. आमच्यापैकी एकीची गिअरवाली साडेचौदा. आईची लेडीज सायकल पुढची टोपली, मागचे कॅरिअर, स्टँड आणि कुलपाच्या साखळीसह अठरा. आणि बाबांची काळी बावीस इंची हर्क्युलिस साडेएकवीस.

बाबांना जाऊन चार वर्षे झाली. त्यांची सायकल जिन्याखाली असते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतो, अधूनमधून चाकांत हवा भरतो. आमच्यापैकी दुसऱ्याकडे स्वतःची सायकल नाही, म्हणून मुरूडला ती त्याने चालवायची असे न बोलताच ठरले होते. या सायकलीचा पहिला प्रवास घरात सगळ्यांना पाठ आहे. १९६८ साली बाबा वाईहून पुण्याला शिकायला आले ते एसटीने, आणि सायकल आली त्याच एसटीच्या टपावर. मागच्या शिडीवरून हमाल ती वर घेऊन गेला, पोती, ट्रंका आणि एका कुणाच्या लग्नातल्या कळशांच्या शेजारी त्याने ती आडवी टाकली आणि काथ्याच्या दोराने दोन वेढे दिले. वाहकाने सामानाचे वेगळे तिकीट फाडले. बाबा खिडकीतून डोके काढून प्रत्येक वळणावर वर पाहत होते. तेव्हा रॅक निवडण्याचा प्रश्न नव्हता. सायकल कोणत्या घाटाची, दांडी आडवी की तिरकी, हे त्या दोराने विचारले नाही.

आजचे रॅक विचारतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन, आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या.

पहिला छतावरचा. मोटारीच्या छतावर दोन आडव्या पट्ट्या बसवायच्या, त्यांवर पन्हळीसारखे लांब ट्रे, आणि त्यांत सायकली उभ्या करायच्या. दिसायला हा सर्वांत ऐटबाज. मागचे दार उघडते, नंबरपाटी झाकत नाही. पण छताला किती भार सोसतो हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि ती पुस्तिका आम्ही प्रथमच उघडली. आमच्या गाडीचा आकडा पन्नास किलो निघाला, तोही पट्ट्या आणि ट्रे धरून. पट्ट्यांचे पाच, चार ट्रेंचे सोळा; उरले एकोणतीस. म्हणजे चार ट्रे बसवून दोन सायकली न्यायच्या. शिवाय आमच्या छतावर ज्या चांदीरंगाच्या दांड्या आहेत त्या केवळ शोभेच्या आहेत, हेही त्या पुस्तिकेतच कळले. काही ट्रेंना पुढचे चाक काढून सायकलीचा चिमटा अडकवावा लागतो. नव्या सायकलीचे चाक खटका दाबला की निघते, जुन्यांना पाना लागतो. आणि एवढे करून सायकल डोक्याच्या वर उचलायची. सोसायटीच्या तळघराच्या तोंडाशी उंची २.१ मीटर अशी पाटी आहे. गाडी आणि तिच्यावर उभी सायकल मिळून पावणेतीन मीटरच्या आसपास जातात. परत आल्यावर थकलेल्या मनाला हे आठवेल याची आम्हाला खात्री नव्हती.

दुसरा प्रकार हिचचा. गाडीच्या चासीला मागे पोलादी चौकोनी नळी बसवतात, तिच्यात रॅकचा दांडा सरकवतात. अमेरिकेत ही नळी दोन इंची किंवा सव्वा इंची असते. युरोपात तिच्याऐवजी पन्नास मिलिमीटरचा गोळा. तिकडे लोक बोटी, घोड्यांच्या गाड्या आणि तंबू ओढून नेतात, म्हणून ती सोय आधीपासून असते. सायकलीचा रॅक तिच्यावर सहज चढतो. आपल्याकडे कुटुंबाची गाडी सहसा काही ओढत नाही. नळी बाहेरून बसवून घ्यावी लागते आणि तिथे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आठवते, जे गाडीत मनाजोगते बदल करू देत नाही. मागची नंबरपाटी झाकली तर ब्रिटनमध्ये रॅकवर दुसरी पाटी आणि दुसरे दिवे लावतात. आपल्या उच्च सुरक्षा पाटीची अशी नक्कल कोपऱ्यावरच्या दुकानातून करून आणता येत नाही. खरे तर वजनाच्या दृष्टीने हाच रॅक सर्वांत भक्कम, सायकली कमरेच्या उंचीवर चढतात आणि चाकांवर उभ्या राहतात. ज्यांच्या गाडीला कंपनीने अशी सोय दिली आहे त्यांनी पुढचे वाचण्याची गरज नाही.

उरला तिसरा, पट्ट्यांनी मागच्या दाराला बांधायचा. दोन पट्ट्या वर, दोन बाजूंना, दोन खाली; प्रत्येकीच्या टोकाला रबर चढवलेली आकडी, आणि त्या आकड्या दाराच्या पत्र्याच्या कडेत अडकवायच्या. काचेच्या कडेत नाही, वरच्या प्लास्टिकच्या पंखावर तर मुळीच नाही. रॅकचे पाय दारावर टेकतात. खाली धुळीचा एक कण राहिला तरी घाट उतरेपर्यंत तो रंगावर आपले नाव कोरतो. दार अर्थातच उघडत नाही. हा तिन्हींत स्वस्त, आमच्या गाडीला चालणारा आणि काढून कपाटात ठेवता येणारा. त्याची मर्यादा : सायकली तीन, एकूण पंचेचाळीस किलो, एका सायकलीला पंधरा.

या तिसऱ्या रॅकच्या माहितीपत्रकाने आम्हाला खरा धडा दिला. शब्दांकडे पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला माहितीपत्रकही संहितेसारखेच वाचता येते. पहिल्या पानावर शब्द होता ‘युनिव्हर्सल’. सर्व सायकलींसाठी. त्या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. चांदणीचा माग काढत आम्ही शेवटच्या पानाच्या तळाशी गेलो. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की लेडीज सायकली, लहान मुलांच्या सायकली आणि काही वेगळ्या घडणीचे सांगाडे यांना हा रॅक थेट चालत नाही. त्यांच्यासाठी जोडनळी निराळी विकत घ्यावी. म्हणजे आमच्या घरातली निम्मी ‘सर्व’च्या बाहेर होती.

कारण साधे आहे. या रॅकचे दोन हात पुढे येतात आणि सायकल त्यांवर तिच्या आडव्या दांडीने टांगली जाते. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ बाजारात आणली आणि जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल रुळली. पुढच्या काही वर्षांत चौकटीचा तो पतंगासारखा आकार ठरून गेला, वर आडवी दांडी असलेला. स्त्रियांच्या झग्यांना ती दांडी आड येई, म्हणून त्यांच्यासाठी ती खाली उतरवली. अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीच्या पुढारी फ्रान्सेस विलर्ड वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्यांनी त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. आमच्याकडे तीच खाली उतरलेली दांडी साडीच्या कामाला आली. आई १९७८ साली नोकरीला लागली आणि पहिल्या सहा पगारांतून पैसे बाजूला काढून तिने ही सायकल घेतली. नारायण पेठेतून हिंगण्यापर्यंत, डाव्या हाताला निऱ्या सावरत, पुढच्या टोपलीत वह्यांचा गठ्ठा ठेवून ती जात असे. मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी आणि साखळीवर पूर्ण झाकण होते. दांडी खाली असणे ही त्या सायकलीची उणीव कधीच नव्हती. तिच्यामुळेच ती सायकल आईची होती. शंभराहून अधिक वर्षे झाली, जगातल्या निम्म्या माणसांच्या सोयीसाठी केलेला हा आकार रॅक बनवणाऱ्याला अजून अपवाद वाटतो, आणि अपवादाची किंमत निराळी आकारली जाते.

हे सगळे आम्ही जेवणाच्या टेबलावर मोठ्या आवेशाने बोललो. तळटिपेत ढकललेल्या स्त्रीविषयी आम्ही वर्गात जे बोलतो ते सगळे बोलून झाले. आई ताक घुसळत होती. ती म्हणाली, “एवढं कशाला? तीनच जातात ना? माझी राहू दे. मी बसेन समुद्र बघत.”

आणि आमचा प्रश्न सुटला.

जे पुढे घडले ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण ते गाळले तर या लेखाला अर्थ उरत नाही. आम्ही ‘असं कसं, आई’ असे एकदा म्हटले. तिने ‘अगं खरंच’ असे म्हटले. त्यानंतर आठ दिवस आम्ही तीन सायकलींचा हिशेब करत होतो : बाबांची, गिअरवाली आणि लेकीची. साडेएकवीस, साडेचौदा, तेरा, एकोणपन्नास. पंचेचाळीसच्या वर चार, आणि बाबांची एकटी पंधराच्या मर्यादेपेक्षा साडेसहा किलोने जड. तरी आम्ही तिला नाही म्हणालो नाही. दुकानदाराला विचारले, “थोडंफार जास्त चालत असेल ना?” तो म्हणाला, “साहेब, कंपनी नाही म्हणते. लोक नेतात.” या दुसऱ्या वाक्यावर आम्ही विसंबू लागलो होतो. लांबी मोजली तर अठ्ठावीस इंची चाकांची ती सायकल गाडीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी आठ-आठ सेंटिमीटर बाहेर येत होती. ताम्हिणीत समोरून बस आली तर काय, याचाही आम्ही ‘हळू जाऊ’ असा निकाल लावला. तिची आडवी दांडी मात्र रॅकच्या हातांवर अशी चपखल बसत होती की जणू ते हात तिच्यासाठीच घडवले असावेत. २०१८ साली आलेल्या प्रकाश कुंटे यांच्या ‘सायकल’ या चित्रपटात पिढीजात सायकलीवर जीव जडलेला एक ज्योतिषी आहे. तो चित्रपट आम्ही विद्यार्थ्यांना दाखवतो आणि वस्तूवरचे प्रेम माणसाला कसे बांधून ठेवते यावर त्यांच्याकडून चर्चा करून घेतो.

नवव्या दिवशी लेकीने विचारले, “मग आजी तिथे काय करणार?”

“समुद्र बघेल.”

“आजीला समुद्र बघायचा नव्हता. वाळूवर सायकल चालवायची होती.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू शकलो नाही. कवितेतला विराम काय सांगतो, कथेतली स्त्री बोलत नाही तेव्हा ती काय बोलते, यावर आम्ही गेली वीस वर्षे गुण देत आणि कापत आलो आहोत. ‘राहू दे’ हे दोन शब्द आमच्या घरात रोज उच्चारले जातात. शेवटची पोळी, पंख्याखालची जागा, दवाखान्याची फेरी, सगळ्याला आई ‘राहू दे’ म्हणते. हा शब्द आम्ही संमती म्हणून वाचत आलो, कारण तसा तो वाचणे आम्हाला सोयीचे होते. रॅक बनवणाऱ्याने तिची सायकल निदान तळटिपेत तरी छापली होती. आम्ही तिला हिशेबातूनच काढली, आणि जी सायकल चार वर्षे कोणी चालवली नाही तिच्यासाठी कंपनीची मर्यादा ओलांडायला निघालो होतो. बाबांवरचे प्रेम खोटे नव्हते. पण जो माणूस आता काही मागू शकत नाही त्याच्यावर प्रेम करणे त्या मानाने सोपे जाते.

त्या रात्री आम्ही आईला नीट विचारले. बाबांची सायकल ठेवून तिची न्यायची, असे आम्ही चाचरत म्हणालो. तिला वाईट वाटेल अशी भीती होती. ती म्हणाली, “ह्यांची आठवण मला रोज येते. त्यासाठी एकवीस किलो लोखंड घाटातून न्यायला नको.” मग थोडे थांबून म्हणाली, “आणि ती सायकल मला कधी चालवताच आली नाही. दांडी आडवी येते.”

आता अठरा किलोंचे पंधरा कसे करायचे हा प्रश्न उरला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सायकल दुरुस्तीचे दुकान अजून तग धरून आहे. तिथले काका बाबांना ओळखत. त्यांनी आईची सायकल उलटी उभी केली, चाके फिरवून पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, हिचं अंगावरचं तेवढं उतरवू. हाडं हलकी आहेत.” त्यांनी कॅरिअर काढले, स्टँड काढला, टोपली काढली. सीट काढली, तिच्याखालचा उभा दांडा तेवढा ठेवला, कारण जोडनळीचे एक टोक त्याला आणि दुसरे हँडलखाली अडकते. कुलपाची साखळी पिशवीत गेली. कॅरिअरच्या खाली मडगार्डवर सायकलीचा मूळ रंग निघाला. आम्हाला ती नेहमी करडी वाटत आली होती. ती मोरपंखी होती. आईने बोटाने तो पट्टा पुसला आणि काही बोलली नाही. काट्यावर सायकल चौदा भरली. जोडनळी एक किलोची. पंधरा.

पंधरा, साडेचौदा आणि तेरा, एकूण साडेबेचाळीस. मर्यादेत अडीच किलो शिल्लक राहिले. साहित्याच्या माणसांना बेरजेचा एवढा आनंद होईल असे आम्हाला पूर्वी वाटले नव्हते.

जो कोणी हे करू पाहत असेल त्याच्यासाठी थोडे व्यवहाराचे. दार आणि रॅकचे पाय ओल्या फडक्याने पुसून मगच बांधावे. सर्वांत जड सायकल गाडीला लागून आणि सर्वांत हलकी बाहेर, नाहीतर रॅकवर ओढ फार येते. सायकलींची तोंडे आळीपाळीने उलटसुलट करावीत, म्हणजे हँडले एकमेकांत अडकत नाहीत. पॅडल शेजारणीच्या सांगाड्यावर घासतात, तिथे जुन्या चादरीचे तुकडे गुंडाळावेत. एखादे चाक धुराच्या नळीसमोर येत नाही ना हे पाहावे. त्या उष्णतेने टायर जातो. रात्री एकाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने वीस पावले मागे उभे राहून नंबर आणि दिवे दिसतात का ते सांगावे. हे काम लेकीने केले आणि दोनदा नापास केले. तिसऱ्यांदा सायकली वर ओढून बांधल्या तेव्हा पाटी पूर्ण दिसली. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्ट्या पुन्हा आवळाव्यात. त्या सैल होतातच. आम्ही चांदणी चौक ओलांडून पिरंगुटजवळ थांबलो तेव्हा डावी खालची पट्टी बोटभर सैल झाली होती.

ताम्हिणीतून माणगाव आणि पुढे मंडणगडमार्गे दापोली. आई मागच्या सीटवर होती. प्रत्येक वळणावर ती मान वळवून मागच्या काचेतून सायकलींकडे पाहत होती. बाबाही असेच खिडकीतून वर पाहत आले होते, हे आमच्या मनात आले. पण आठ दिवसांच्या अनुभवानंतर ते बोलून दाखवण्याची आमची छाती झाली नाही.

मुरूडला दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. पाणी खूप आत गेले होते आणि मागे राहिलेली वाळू ओल्या पाटीसारखी सपाट पडली होती. कॅरिअर आणि टोपली आम्ही पुण्यातच ठेवली होती. सीट तेवढी आदल्या संध्याकाळी बसवली. आईने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता, तरी डावा हात सवयीने एकदा निऱ्यांकडे गेला. तिने पाय पुढून आत टाकला, त्या खाली उतरलेल्या दांडीवरून, आणि निघाली. पुढे लेक, मग ती, मग आमच्यापैकी एक. ज्याला सायकल नव्हती तो मागून चालत होता. कोणी तरी चालत राहणारच होते. ते आमच्यापैकी एकाने असावे हे योग्यच होते. आई पुष्कळ लांब गेली. तिथे तिला बाराव्या फेरीनंतर थांबवणारे कोणी नव्हते. परत आली तेव्हा चाकांच्या दोन रेघा वाळूत एकमेकींना छेदत गेलेल्या दिसत होत्या आणि तिचा श्वास लागला होता. आमच्यापैकी एकीने विचारले, “दमलात का आई? बसता जरा?”

“राहू दे,” ती म्हणाली.

या वेळी आम्ही घाईने अर्थ लावला नाही. थांबून तिच्याकडे पाहिले. तिने सायकल वळवली आणि पुन्हा निघाली.

परतल्यावर खाऱ्या पाण्याचा अंश राहू नये म्हणून तिन्ही सायकली गोड्या पाण्याने धुतल्या, साखळ्यांना तेल दिले. काकांनी आईच्या सायकलीला स्टँड आणि टोपली परत बसवली. कॅरिअर बसवू नका, असे तिने त्यांना सांगितले. मोरपंखी पट्टा आता उघडा असतो. रॅक कपाटावर आहे, जोडनळी त्याच्याच पट्टीने त्याला बांधून ठेवली आहे, म्हणजे पुढच्या वेळी ती शोधावी लागणार नाही. बाबांची सायकल जिन्याखाली आहे. दसऱ्याला तिला हार घालूच.